महिन्याचा १ टीबी कोटा २० तारखेलाच संपतो. लिनक्स सर्व्हरची बँडविड्थ कशी आवरायची?

नागपूरच्या तुमच्या क्लासची साइट एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर आहे, तिच्यावर प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ आणि लेक्चरचे व्हिडिओ आहेत, आणि वेगाला लगाम घालून १ टीबी महिनाभर पुरवायचा आहे, असं तुम्ही विचारलंय. आधी हिशेब बघा. सर्व्हर सेकंदाला २० मेगाबिटवर बांधला आणि तेवढा सतत चालला तरी दिवसाला २१६ जीबी जातात, पाच दिवसांत कोटा साफ. ४० एमबीची पीडीएफ हळू उतरली काय नि झपाट्यानं उतरली काय, मोजले जाणार ४० एमबीच. वेग बांधून गर्दी आवरते. कोटा वाचवायचा तर बाइटच कमी करावे लागतात.

म्हणून पहिल्यांदा एनजिनएक्सचा लॉग, म्हणजे कुठली फाइल किती बाइट गेली याची नोंदवही, उघडा. त्याच्या ‘कम्बाइन्ड’ रचनेत सातवा रकाना फाइलचा, दहावा बाइटचा. ऑक या कमांडनं फाइलनिहाय बेरीज करून सॉर्ट लावा. वरच्या ओळींत स्कॅन केलेल्या पीडीएफ निघाल्या तर त्या घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या ‘ईबुक’ सेटिंगमधून काढा, चित्रं १५० डीपीआयवर येतात. मात्र एक पान छापून बघाच: गणिताच्या पेपरातले घातांक पुसट झाले तर बचतीचा उपयोग नाही. मग एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये या फाइलींना ‘एक्स्पायर्स ३०डी’ लावा, म्हणजे ब्राउझर तीस दिवस साठवलेलीच प्रत वापरतो. पुढे दुरुस्ती केली तर फाइलचं नाव बदला, नाहीतर मुलांच्या फोनवर जुनीच प्रत उघडत राहील.

आता वेग. एनजिनएक्सच्या सेटिंग फाइलमध्ये व्हिडिओच्या फोल्डरसाठी जो लोकेशन ब्लॉक असतो, त्यात ‘लिमिट_रेट_आफ्टर २एम’ आणि ‘लिमिट_रेट २५०के’ (फाइलमध्ये अर्थात रोमन लिपीत). पहिले २ एमबी पूर्ण वेगानं जातात, त्यामुळे व्हिडिओ लवकर सुरू होतो. इथला ‘के’ किलोबाइटचा आहे, म्हणजे सेकंदाला साधारण २ मेगाबिट. तुमच्या व्हिडिओचा बिटरेट (एका सेकंदाच्या व्हिडिओला लागणारे बिट) याहून कमी हवा, नाहीतर तो अडखळत चालेल.

ही मर्यादा प्रत्येक कनेक्शनला लागते, माणसाला नाही. डाउनलोड मॅनेजरनं आठ कनेक्शन उघडली की आठपट वेग. त्यासाठी एका आयपी पत्त्याला एकाच वेळी किती कनेक्शन द्यायची ते ठरवणारा ‘लिमिट_कॉन’ आहे, पण तिथे १ किंवा २ लिहू नका. हिंगणा रोडच्या होस्टेलमधले चाळीस पोट्टे एकाच वायफायवरून येतात तेव्हा सर्व्हरला एकच आयपी दिसतो, आणि मर्यादेपलीकडच्या सगळ्यांना ५०३ ही एरर मिळते. शिवाय एचटीटीपी/२ वर एकाच वेळी चालणारी प्रत्येक रिक्वेस्ट वेगळं कनेक्शन म्हणून मोजली जाते. मर्यादा फक्त व्हिडिओच्या फोल्डरला, ३०-४० च्या घरात ठेवून सुरुवात करा.

एवढ्यावरही पूर्ण सर्व्हर बांधायचाच असेल तर लिनक्सच्या टीसी या कमांडमधला एचटीबी, म्हणजे वेग वर्गांत वाटून देणारी पद्धत. त्यात ‘केबिट’ म्हणजे किलोबिट, पण ‘केबीपीएस’ म्हणजे किलोबाइट. इथे चूक झाली की आठपट फरक पडतो. एसएसएचला (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) वेगळा वर्ग द्या, नाहीतर गर्दीत तुमचंच लॉगिन अडकेल. सर्व्हरमधून बाहेर जाणाऱ्या एसएसएचच्या पॅकेटवर २२ हा सोर्स पोर्ट असतो. फिल्टरमध्ये डेस्टिनेशन लिहिलं तर ते जुळणार नाही. टीसीचे नियम रीबूटनंतर टिकत नाहीत. ते दोन-तीन दिवस नीट चालल्यावरच सिस्टिमडीच्या (सर्व्हर सुरू होताना प्रोग्राम चालवणारी व्यवस्था) सर्व्हिसमध्ये टाका. तोवर काही चुकलंच, तर होस्टिंगच्या पॅनेलवरून रीबूट केला की सर्व्हर पुन्हा हाताशी येतो.