टॅग काढण्याआधी

जुनी गाडी रंगकामाला देण्याआधी तिच्यावरच्या प्रत्येक टॅगचा, म्हणजे नंबर-कोड असलेल्या धातूच्या पट्टीचा फोटो काढा, रिव्हेटसकट आणि तिरक्या उजेडात. चासीवर ठोकलेल्या नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा, ठसा मिळेल. सँडब्लास्टिंग त्या जागेवर नकोच. उथळ अक्षरं कायमची जातात. तिथला गंज रस्ट रिमूव्हरने, हाताने काढा आणि वर पुट्टी भरू देऊ नका.

जुना टॅग वाचता येतोय? मग पोचे असले तरी तोच ठेवा. बफिंग केलंत तर छापलेला रंग आधी उडेल. साबणपाणी, मऊ ब्रश, बास.

जुन्याच्या जागी नवा बनवून लावलेला टॅग बहुतेकदा अक्षरांवरून पकडला जातो. डायने (धातूच्या ठशाने) ठोकलेली अक्षरं थोडी वरखाली असतात, मागच्या बाजूलाही उमटतात. लेझरची अगदी सरळ आणि सपाट. रिव्हेटही जाणकार बघतात. १९६०च्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांवर फुलाच्या आकाराचे रिव्हेट आहेत, तिथे साधा पॉप रिव्हेट लगेच खटकतो.

पेंट कोडचा (गाडीच्या मूळ रंगाच्या कोडचा) टॅग नवा लावलात तर विकताना तसं लिहून द्या, जुना जपून ठेवा. व्हीआयएन प्लेटचं, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक असलेल्या पट्टीचं प्रकरण वेगळं: ती काढणं किंवा बदलणं अनेक देशांत गुन्हा ठरतो. नोंदणी कार्यालयाची लेखी परवानगी येईपर्यंत तिला हात लावू नका.