वाचकांचे प्रश्न : तीसच्या वेगाची जीप ऐंशीची कशी करावी?

प्रश्न : आमच्या एकांकिकेत एक डिझेल जीप रात्री महामार्गावरून ताशी ८० किलोमीटर वेगाने धावते आणि मग हळू होत थांबते. मित्राच्या जीपचा आवाज आम्ही गंगापूर रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी ३०च्या वेगाने, गाडीत बसूनच रेकॉर्ड केला. संगणकावर त्याची गती वाढवली की तो खेळण्यातल्या गाडीसारखा चिरका होतो. पट्टी तशीच ठेवून फक्त लय वाढवली, तर नुसता खडखडाट होतो. मार्ग सुचवावा. (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : आपण पाठविलेला तुकडा ऐकला. गाडीचा वेग आणि इंजिनाचे फेरे या दोन गोष्टी आपण एकच धरल्या, आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांत चार वेळा फायरिंग होते, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन पेट घेते. म्हणून वर्णपटात, म्हणजे आवाजातल्या कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, खालच्या बाजूला जो ठळक सुळका दिसतो, त्याच्या हर्ट्‌झला ३०ने गुणले की मिनिटाचे फेरे मिळतात. आपल्या तुकड्यात तो सुळका ७२ हर्ट्‌झच्या आसपास आहे, म्हणजे इंजिन मिनिटाला सुमारे २१६० फेरे घेत होते. ३०चे ८० करण्यासाठी आपण गती २.६७ पट केलीत, तेव्हा हेच फेरे ५७६०वर गेले आणि पट्टी सतरा अर्धस्वरांनी (एका सप्तकात असे बारा), म्हणजे जवळजवळ दीड सप्तकाने, चढली. जीपचे डिझेल इंजिन एवढे फिरतच नाही.

उलट, अशी जीप टॉप गिअरमध्ये ८०ने धावते तेव्हा तिचे इंजिन साधारणपणे दोन ते अडीच हजार फेऱ्यांच्याच घरात असते. म्हणजे आपल्या मूळ तुकड्याची पट्टी जवळपास बरोबरच आहे. त्यात उणीव आहे ती टायरांच्या घरघरीची आणि खिडकीवर आदळणाऱ्या वाऱ्याची. हे दोन आवाज फेऱ्यांप्रमाणे नव्हे, तर गाडीच्या वेगाप्रमाणे वाढतात. ते महामार्गावर वेगळे रेकॉर्ड करून इंजिनाच्या आवाजाखाली मिसळावेत आणि इंजिन थोडे मागे घ्यावे. माझ्या मते आपले निम्मे काम एवढ्यानेच होईल.

चिरकेपणाचे कारणही समजून घ्यावे, कारण पुढच्या प्रत्येक कामात ते आडवे येईल. फेरे वाढले की फायरिंगमधले अंतर कमी होते, पण सायलेन्सरच्या नळीची लांबी, बॉनेटचा पत्रा आणि इंजिनाचा ब्लॉक जिथल्या तिथेच राहतात, आणि प्रत्येक ठोक्याचा रंग, म्हणजे त्याच्या आवाजाचा पोत, ठरतो तो त्यांच्यावरूनच. रेकॉर्डिंगची गती वाढवली की ठोके जवळ येतातच, शिवाय रंगही वर सरकतो आणि जणू सारी गाडीच आखडून लहान होते. केवळ लय बदलण्याचा उपाय इथे मुळातच गैरलागू आहे, कारण सेकंदाला ७२ ठोके कानाला सुटे ऐकू न येता एक सूर म्हणून ऐकू येतात आणि सॉफ्टवेअर तो सूर जपते. परिणामी फेरे बदलत नाहीत, आणि तुकडे गाळून सांधण्याच्या नादात डिझेलची टकटक मात्र मध्येच तुटते. एका सिलिंडरच्या बुलेटचे न्यूट्रलमधले संथ फायरिंग मात्र ठोका-ठोका कापून जवळ आणता येते. हजार फेऱ्यांना तिथे सेकंदाला आठच ठोके पडतात.

ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गती आणि पट्टी एकत्र बदलण्याची सोय आहे. बारा-तेरा टक्क्यांपर्यंतचा बदल कान निमूटपणे स्वीकारतो. त्यापुढे संशय सुरू होतो. म्हणून एकाच तुकड्याला ताणत बसण्यापेक्षा स्थिर फेऱ्यांचे अनेक तुकडे घ्यावेत, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या सव्वापट ठेवावी : ८००, १०००, १२५०, सुमारे १५५०, १९५०, २४०० आणि ३०००. मग प्रत्येक तुकडा थोडा वर-खाली सरकवून शेजारच्या तुकड्यात मिसळता येतो. मोटारींच्या संगणकीय खेळांतही बहुधा हीच पद्धत असते. तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा असेल, तर तो इंजिनाच्या दोन पूर्ण फेऱ्यांच्या पटीत कापावा, कारण तेवढ्यात चारही सिलिंडरची पाळी होऊन जाते; १५०० फेऱ्यांना हा काळ ८० मिलिसेकंद, तेव्हा असे पन्नास घेतले की चार सेकंदांचा तुकडा होतो. याहून फार आखूड तुकडा भुणभुणतो. सांधा लहर शून्यावर असताना घ्यावा.

उभ्या गाडीला रेस देऊन मिळणारा आवाज पोकळ असतो; इंजिनावर ओझे नसल्याची ती खूण कितीही संस्कार केले तरी जात नाही. ओझ्याचा आवाज हवा असेल, तर पहाटे नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे चढताना घ्यावा. तोच रस्ता उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला आवाज मिळेल आणि आपल्या थांबण्याच्या प्रसंगाला तोच लागणार आहे : पाय उचलताच डिझेलची टकटक विरते, गिअरचे कण्हणे उरते, आणि प्रत्येक खालच्या गिअरला फेरे आधी झटक्यात चढून मग उतरतात. हे चढणे वगळून पट्टी सरळ उतरवत नेली, तर गाडी थांबल्यासारखी नव्हे, वीज गेल्यासारखी वाटते. न्यूट्रलमधला आवाज आणि चावी फिरवल्यावर पत्रा हलवणारा शेवटचा झटका स्वतंत्र घ्यावेत. रेकॉर्डिंग सेकंदाला ९६ हजार नमुने घेत, म्हणजे ९६ किलोहर्ट्‌झवर करावे, म्हणजे तुकडा मंद केल्यावर वरचे स्वर रिकामे पडत नाहीत.

अंतिम मिश्रण मोबाइलवर तपासू नये. न्यूट्रलमधले २७ हर्ट्‌झचे फायरिंग मोबाइलच्या स्पीकरमधून येत नाही. ते येत नाही म्हणून खर्ज वाढवला, तर नाट्यगृहात खुर्च्या थरथरतील.

प्रश्न : रस्त्याकडेने गाडी सुसाट निघून जाते, तेव्हा पट्टी किती उतरवावी? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त उतरवतात. ताशी ६० किलोमीटरच्या गाडीची पट्टी येतानाच्या तुलनेत जाताना जेमतेम पावणेदोन अर्धस्वरांनी उतरते. ८०ला हा फरक सव्वादोन होतो. आपण रस्त्याच्या अगदी कडेला असलो तर हा उतार क्षणात होतो, दूर असलो तर सावकाश. त्यामुळे वेगाचा भास हवा असेल, तर उताराची उंची न वाढवता त्याला लागणारा वेळ कमी करावा. आवाजाचा चढउतारही त्याच मापाने आवळावा, कारण अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते आणि जवळून जाणाऱ्या गाडीचे अंतर फार लवकर दुप्पट होते.