कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेले) धनुष्य घेण्यापूर्वी मालकांची मते कशी वाचावीत
धनुष्य हॉइट कंपनीचे असो वा मॅथ्यूजचे, कोणाही मालकाचे मत ग्राह्य धरण्याआधी त्याची ड्रॉ लेंग्थ (दोरी मागे किती ओढली जाते ते अंतर) आणि बाणाचे वजन आवर्जून पाहावे. कारण जाहिरातीतला वेग सहसा 70 पौंडांची ओढ, 30 इंचांची ड्रॉ लेंग्थ आणि 350 ग्रेनचा (सुमारे 23 ग्रॅमचा) हलका बाण धरून मोजलेला असतो, आणि 28 इंचांवर जड शिकारी बाण सोडणाऱ्याला तो मिळणे शक्यच नसते. म्हणून वेगाविषयीच्या तक्रारी मी फारशा मनावर घेत नाही. याउलट, दोरी ताणली गेल्यामुळे पीप साइट (नेम धरण्यासाठी दोरीत बसवलेली भोकाची छोटी कडी) फिरते किंवा बाण सुटताच मुठीत झिणझिण्या येतात, असे कोणी नेमकेपणाने लिहिले असेल, तर ते दोनदा वाचावे. धनुष्य स्वतः ओढून पाहावेच. मात्र बाण न लावता दोरी कधीही सोडू नये, कारण त्याने लिम्ब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा, तडकू शकतात.