ॲपवरून कूपन लावून मागवलं, म्हणजे हॉटेलला मदत केली असं होत नाही

तुम्ही विचारलंय की साथीच्या भीतीने लोक हॉटेलात जाणं टाळतात, तेव्हा जवळच्या छोट्या हॉटेलांना गिऱ्हाईक म्हणून कसा हातभार लावावा, आणि ॲपवरून मागवत राहिलं तर तेवढं पुरे का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. पुरे नाही. कूपन लावून मागवत असाल तर अजिबातच नाही.

इतकं ठासून सांगते कारण २०२० साली आमचं बारा टेबलांचं हॉटेल होतं. नवरा किचन बघायचा, मी गल्ल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्चला कोरोनाची जागतिक साथ जाहीर केली, पण आमची गिऱ्हाइकं त्याआधीच आटायला लागली होती. बंदचा हुकूम निघायच्या कितीतरी आधी हॉटेल रिकामं होतं, हे बाहेरच्याला कळत नाही. आधी मोठे ग्रुप थांबले. मग म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणारी कुटुंबं. मग ऑफिसांची दुपारची गर्दी. जे टेबल दुपारी तीनदा फिरायचं ते एकदा भरलं तरी हायसं वाटायला लागलं.

खर्च मात्र जागचा हलत नाही. भाडं बारा टेबलांचं, बसायला कुणी असो नसो. फ्रीज चोवीस तास चालू. पगार महिन्याचे. आणि माल पंधरा दिवसांच्या उधारीवर, म्हणजे आजच्या गल्ल्यातून आपण गेल्या पंधरवड्याचं देणं भागवत असतो. गल्ला थांबला की लोकांनी कधीच खाऊन संपवलेल्या जेवणाचं बिल दारात येऊन उभं राहतं. रात्री अकराला उरलेलं वाटून टाकताना नवरा काही बोलायचा नाही. उद्याच्या मालाची यादी काढायचा आणि आकडे खोडून त्यावर लहान आकडे लिहायचा.

आता माझ्या भावाबद्दल. दादा नोकरीतला माणूस. त्याचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही तेच आहे: धंदा म्हटला की जोखीम आली, लोकांनी का म्हणून कुणाचं हॉटेल जगवायचं? तरी बहिणीचं हॉटेल म्हणून त्याने मदत करायची ठरवली. एका शनिवारी संध्याकाळी ॲपवर ऑर्डर आली, पावतीवर त्याचं नाव. सहा जणांचं जेवण. मी स्वतः बांधलं. पातळ पदार्थांच्या डब्यांना चिकटपट्टीचे दोन-दोन वेढे दिले, गरम आणि गार वेगळ्या पिशव्यांत घातलं, वहिनीसाठी चिठ्ठी टाकली. तासाभराने दादाचा मेसेज आला, ‘जेवण झकास. बघ, तुला धंदा दिला.’ सोबत बिलाचा फोटो. निम्म्या किमतीचं कूपन लावलेलं.

पुढच्या आठवड्यात ॲपचा हिशेब आला. वर मूळ किंमत. त्यातून सवलतीतला आमचा वाटा वजा, कमिशन वजा, ऑनलाइन पैसे घेण्याचा आकार वजा, यादीत वर दिसावं म्हणून केलेल्या जाहिरातीचे पैसे वजा, कमिशनवरचा कर वजा. दादाच्या ऑर्डरमधून मूळ शंभरामागे अठ्ठेचाळीस आमच्या हातात पडले. त्यातले पस्तीसच्या आसपास मालाचे, वर डबे, पिशव्या आणि गॅस. पगाराला आणि भाड्याला काय उरलं ते तुम्हीच बघा.

मी त्याला ते पान दाखवलं. तो म्हणाला, मग ॲपवर जायचं कशाला? दर वाढवायचे होते. मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही, आता देते. आमच्याकडे वर्षानुवर्षं जेवणाऱ्या माणसांपैकी एकाचाही फोन नंबर आमच्याकडे नव्हता. आमचाही त्यांच्याकडे नव्हता. सगळे चालत यायचे. चालणं थांबलं आणि आमच्यापर्यंत यायचा उरलेला एकुलता एक रस्ता ॲपच्या हातात गेला. हे आमचं एकट्याचं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोने एप्रिल २०२० मध्ये या कमिशनला १५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि मे महिन्यात न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलनेही घरपोच ऑर्डरीच्या कमिशनवर तेवढीच मर्यादा मंजूर केली. त्याआधी ३० टक्क्यांपर्यंत कापलं जात होतं, म्हणून सरकारला मध्ये पडावं लागलं.

आणि ज्यांची मदत खरोखर पोचली, त्या आमच्या बाई. निवृत्त शिक्षिका. दर गुरुवारी एकट्या यायच्या, भिंतीलगतच्या टेबलावर बसायच्या, जेवण होईपर्यंत पेपर वाचायच्या. आम्ही शटर अर्धं ओढून फक्त पार्सल देत होतो तेव्हा एका सकाळी त्या आल्या आणि काउंटरवर लिफाफा ठेवला. म्हणाल्या, ‘तीन महिन्यांचे गुरुवार आहेत यात. वहीत लिहून ठेव, नंतर येऊन खाईन.’ माझा हात पुढे होईना. आतून नवरा म्हणाला, बाई, हे दान होतंय, नको. त्यावर त्या म्हणाल्या, ‘दान कसलं? बसचा पास काढतो तेव्हा आपण बस कंपनीला दान देतो का?’

त्या एका वाक्याने आमची लाज गेली. मी दोनशे पानी वही काढली. नाव, फोन, जमा, खर्च, शिल्लक असे रकाने आखले आणि शटरवर कागद चिकटवला: आगाऊ पैसे भरा, जेवण नंतर. पंधरा दिवसांत एकतीस नावं झाली. त्यातून चार कारागिरांचे दोन महिन्यांचे पगार आणि मालवाल्याची जुनी उधारी भागली. तो मालवाला पुढे आम्हाला परत उधार द्यायला तयार झाला तो केवळ त्यामुळे. एकतीस फोन नंबरही हाती आले, आणि पुढचं वर्षभर आम्ही त्या नंबरांवर जगलो. सकाळी दहाला आज काय बनतंय ते कळवायचं, अकरापर्यंत ऑर्डर घ्यायची, तेवढंच शिजवायचं. फेकणं जवळजवळ थांबलं.

पण वहीची एक बाजू मला आधी दिसली नव्हती. आगाऊ पैसे म्हणजे आपल्यावरचं कर्ज. निम्मी टेबलं लावायची परवानगी मिळाली आणि पहिल्या दोन आठवड्यांत वहीतली अर्धी माणसं जेवायला आली. आनंदाने आली, सगळ्यांना घेऊन आली. किचनमधून ताटं जात होती आणि गल्ल्यात काही पडत नव्हतं, कारण ते पैसे कधीच पगारात गेले होते. त्या दिवसांत सिलिंडरला पैसे नव्हते, मी कानातलं गहाण ठेवलं. लोकांचा दोष नाही. एका वेळी किती कापता येईल हे मी लिहायला हवं होतं. बाई मात्र न सांगता दर गुरुवारी निम्मं वहीतून कापायला लावायच्या आणि निम्मं रोख द्यायच्या. कुणी सांगितलं तुम्हाला असं, मी विचारलं. म्हणाल्या, माझ्या वडिलांचं दुकान होतं.

तेव्हा आगाऊ पैसे भरणार असाल तर ते बाईंसारखे वापरा. नंबर मिळवा, फोन करून मागवा, जमलं तर स्वतः जाऊन आणा. पैसे थेट मालकाच्या हातात किंवा खात्यात द्या आणि पूर्ण द्या. शनिवार-रविवारी कोणीही मागवतं, आठवड्याच्या मधल्या वारी मागवा. शक्यतो आदल्या दिवशी सांगा, म्हणजे माल अंदाजाने आणावा लागत नाही. डब्यात टिकेल असंच मागवा. वाफेने मऊ पडणारा पदार्थ मागवून मग तक्रार करण्यात अर्थ नाही. काही बिघडलं तर मालकाला फोन करा, एक तारा देऊन मोकळे होऊ नका. दहा ऑर्डरी येत असलेल्या हॉटेलला त्या ताऱ्याने फार मोठा फटका बसतो.

सवलत मागू नका. यावर दादा ब्रिटनचं उदाहरण द्यायचा. ऑगस्ट २०२० मध्ये तिथे सोमवार ते बुधवार हॉटेलात बसून जेवलं तर निम्मं बिल माफ होतं, माणशी जास्तीत जास्त १० पौंड. १६ कोटींच्या आसपास जेवणं झाली. ‘बघ, लोक सवलतीनेच येतात.’ दादा, अरे, ती सवलत सरकारने भरली. हॉटेलवाल्याला त्याचे पूर्ण पैसे मिळाले. तुझ्या कूपनातला मोठा वाटा आमच्याकडून गेला. शिवाय ती योजना बसून खाणाऱ्यांसाठीच होती, पार्सलला लागू नव्हती, आणि तिच्यामुळे रुग्ण वाढायला हातभार लागला असं नंतर वॉरिक विद्यापीठातल्या अभ्यासात निघालं. जर्मनीने जुलै २०२० पासून हॉटेलातल्या जेवणावरचा १९ टक्क्यांचा कर काही काळासाठी उतरवला, आधी ५ आणि २०२१ पासून ७ टक्के, तो मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

‘सरकार बघून घेईल’ हेही तो म्हणायचा. अमेरिकेने २०२१ मध्ये खास हॉटेलांसाठी २८.६ अब्ज डॉलरचा निधी काढला. पावणेतीन लाखांहून जास्त अर्ज आले, पैसे मिळाले साधारण एक लाख जणांना, आणि निधी संपला. एवढ्या श्रीमंत देशात ही गत. आमच्या वहीतल्या एकतीस जणांनी अर्ज मागितला नव्हता.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, आता सांगते. मदतीच्या नावाखाली साथ जोरात असताना बंद खोलीत जाऊन बसू नका. चीनमधल्या ग्वांगझू शहरात जानेवारी २०२० मध्ये एका हॉटेलात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले दहा जण आजारी पडले आणि एसीच्या झोताचा त्याच्याशी संबंध लावला गेला. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्रांच्या सप्टेंबर २०२० च्या पाहणीत, चाचणीत बाधित निघालेल्यांनी आधीच्या दोन आठवड्यांत हॉटेलात जेवल्याचं सांगण्याची शक्यता बाधित नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट होती. मी हॉटेलवाली असून सांगते, पार्सल न्या. आणि तुमचाच पगार कापला गेला असेल तर तुमच्यावर कुणाचं काही देणं नाही. आगाऊ देताना बुडाले तरी चालतील एवढेच द्या, कारण हॉटेल बंद पडलं तर ते पैसे बहुतेक परत येत नाहीत. जो मालक कारागिरांना पगार न देता हाकलतो त्याला तर काहीच देऊ नका. वहीचे पैसे कुठे जाणार हे सरळ विचारा. मला विचारलं असतं तर मी पगाराचा कागद दाखवला असता.

आमचं हॉटेल चालू आहे. आता पाच टेबलं आहेत, बाकी पार्सल. ॲपवर आहोत, पण सवलतीच्या योजनेत नाही, आणि प्रत्येक डब्याच्या झाकणावर आमचा नंबर छापलेला असतो. बाई अजून गुरुवारी येतात. वहीत त्यांचे दोन गुरुवार शिल्लक आहेत, ते त्या कापू देत नाहीत.

दादा या साईटवर असतो, त्यामुळे हे त्याच्या वाचनात येईल. दादा, तुझ्या ऑर्डरचं ते हिशेबाचं पान मी वहीत घालून ठेवलंय, बाईंच्या पानाशेजारीच. पुढच्या वेळी आलास की दोन्ही पानं शेजारी ठेवून बघ, आणि मग सांग लोकांनी का म्हणून.