लहान मूल पडून इजा होण्याचा धोका घरच्या घरी कसा ओळखावा?

मुलगी आठ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली, घर पाचव्या मजल्यावर. कुठल्या पडण्याची काळजी करायची आणि कुठल्या नाही, असं तुम्ही विचारलंय. मी बालरुग्ण विभागात सिस्टर आहे. पडलेलं लेकरू कडेवर घेऊन धावत आलेले आईबाबा सतत भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

“आमची तशी शांत आहे” यावर अजिबात विसंबू नका. शांत मुलंही पडतात. बघायचं ते हे, की किती उंचावरून पडू शकते, खाली काय आहे आणि पुढच्या महिन्यात तिला काय जमायला लागेल. आज पालथी होणारं बाळ उद्या पलंगाच्या कडेशी पोचतं, आणि आपण मात्र कालच्या बाळाचा हिशोब धरून बसलेलो असतो.

घरातला टेप घ्या आणि खरंच मोजा. डोक्याला मार लागलेल्या 42,000हून जास्त मुलांचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास 2009 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तीन फुटांहून जास्त आणि त्याहून मोठ्या मुलांसाठी पाच फुटांहून जास्त उंचीवरून पडणं गंभीर धरलंय. आता घरात फिरा. दिवाण दीड फूट, गादीसकट पलंग दोनेक फूट. पण ओटा जवळजवळ तीन फूट, आणि उभ्या माणसाच्या कडेवरचं बाळ त्याहूनही वर. पलंगाला घाबरणारे आपण चहा उकळेपर्यंत बाळाला ओट्यावर बसवतो! ओल्या फरशीवर, किंवा लोंबती ओढणी-साडी पायात येऊन, बाळासकट पडणं हे मला पलंगावरून पडण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटतं. जिना उतरताना एक हात कठड्यावर हवाच, मोबाइल खिशात.

पलंगाला उश्यांचं कुंपण घालू नका. बाळ उशी ओलांडतं, शिवाय उशीत नाक दबण्याची भीती वेगळीच. काही महिने गादी सरळ जमिनीवर टाका.

वॉकर कुणी भेट दिला तर गोड बोलून परत करा. त्यात बसलेलं मूल सेकंदात तीनेक फूट पुढे जातं, आपण हात पुढे करेपर्यंत जिन्यापाशी. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

आणि खिडकी-बाल्कनी. पाचव्या मजल्यावर राहता, म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं. डासांची जाळी डास अडवते, मूल नाही. अंग टेकलं की ती चौकटीतून निसटते. पक्कं ग्रिल हवं, दोन गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी. आडव्या पट्ट्यांचा कठडा असेल तर ती मुलासाठी शिडीच आहे, त्याला आतून काहीतरी सपाट, घट्ट लावून घ्या. खिडकीखालचा दिवाण, बाल्कनीतल्या कुंड्या, उलटी ठेवलेली बादली आजच हलवा. न्यूयॉर्कमध्ये मुलं खिडकीतून पडून दगावत होती. तिथे 1976 पासून, 10 वर्षांपर्यंतचं मूल राहत असलेल्या घराला खिडकीचं ग्रिल देणं घरमालकावर बंधनकारक झालं आणि असे अपघात खूप कमी झाले. तुम्ही भाड्याने राहत असाल तर मालकाशी आजच बोला. तो टाळत असेल तर स्वतः खर्च करा, पण थांबू नका.

तरीही पडलीच तर? लगेच रडली, थोड्या वेळात शांत होऊन नेहमीसारखी खेळायला, प्यायला लागली, तर बहुतेक वेळा घरी लक्ष ठेवणं पुरतं. दोन दिवस ठेवा. कपाळावरचं टेंगूळ दिसतं मोठं, पण कानाच्या वर, बाजूला किंवा मागे आलेली मऊ सूज जास्त चिंतेची. टेंगूळ चोळू नका, दाबू नका. तीन फुटांहून उंचावरून पडली, क्षणभरही शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, आकडी आली, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, टाळू फुगली, उठवूनही नीट जागी होईना, किंवा “ही नेहमीसारखी वाटत नाही” असं तुम्हालाच वाटलं, तर थेट दवाखाना. बेशुद्ध असेल तर 108. आईचं ते वाटणं आम्ही लक्षणांतच धरतो, त्या अभ्यासातही ते धरलंय. तीन महिन्यांखालचं बाळ कसंही पडलं तरी दाखवाच. सीटी स्कॅनचा हट्ट मात्र धरू नका, त्यात किरणोत्सर्ग असतो. कधी करायचा ते डॉक्टर तपासून ठरवतात.

बाळ सांभाळणाऱ्या आजींना, मावशींना आधीच सांगून ठेवा की पडली तर लगेच सांगा, कुणी ओरडणार नाही. बोलणी खावी लागतील म्हणून पडणं लपवलं जातं आणि मूल आमच्याकडे उशिरा येतं. किती वाजता पडली, कुठून, खाली काय होतं, लगेच रडली का, एवढं खरं कळलं तरी आमचं निम्मं काम होतं.