मागचं स्टोरेज तात्पुरतं बंद पडलं तर एनएफएस सर्व्हरने क्लायंटला कोणता एरर द्यावा?

तुमचा प्रश्न असा: एनएफएस (नेटवर्कवरून फायली वापरू देणारा प्रोटोकॉल) आवृत्ती ३ चा सर्व्हर स्वतः लिहिलाय, मागे ऑब्जेक्ट स्टोरेज आहे. ते मिनिटभर गेलं की कोडला ईटाइम्डआउट, म्हणजे वेळ संपल्याचा एरर, क्रमांक ११०, मिळतो. तोच आकडा क्लायंटला पाठवायचा की ईआयओ, म्हणजे वाचन-लेखन फसल्याचा सर्वसाधारण एरर, द्यायचा?

दोन्ही नको. ११० हा लिनक्सचा घरचा आकडा, प्रोटोकॉलच्या यादीत तो नाहीच. ईआयओ यादीत आहे, पण तो थेट अ‍ॅप्लिकेशनपर्यंत जातो आणि अर्ध्यावर आलेली कॉपी तिथेच मरते.

तुम्हाला हवाय तो ज्यूकबॉक्स नावाचा एरर, क्रमांक १०००८. १९९५ च्या आरएफसी १८१३ मध्ये, म्हणजे आवृत्ती ३ च्या तपशील-दस्तऐवजात, तो आलाय, मुख्यतः संथ माध्यमावर हलवलेल्या फायलींसाठी. अर्थ सरळ आहे: काम हाती घेतलंय, वेळेत होत नाहीये, थांबा आणि नव्या ट्रान्झॅक्शन आयडीने (विनंतीच्या ओळख-क्रमांकाने) परत विचारा. लिनक्सचा क्लायंट ५ सेकंद थांबून परत येतो, अ‍ॅप्लिकेशनला पत्ताही लागत नाही. लिनक्सच्या एनएफएसडीमध्ये, म्हणजे त्याच्या एनएफएस सर्व्हरमध्ये, स्थानिक एरर प्रोटोकॉलच्या एररमध्ये बदलणारं कोष्टक आहे, ते जरूर वाचा. तिथेही ईटाइम्डआउटचा ज्यूकबॉक्सच होतो. कोष्टकात नसलेला आकडा आला तर ‘नॉन-स्टँडर्ड एररनो’ असा इशारा लॉगमध्ये पडतो आणि क्लायंटला ईआयओ जातो. तुमच्याकडेही असा शेवटचा सापळा हवाच.

आता तुम्ही म्हणाल, आरएफसीत राइट (लिहिण्याची विनंती) च्या एरर-यादीत ज्यूकबॉक्स नाही! खरंय. पण त्या याद्या परिपूर्ण नाहीत, नेहमीच्या एररसाठी मार्गदर्शक आहेत, असं आरएफसी स्वतःच सांगते. आवृत्ती ४ मध्ये ही ढिलाई नाही, तिथे कोणत्या ऑपरेशनला कोणता एरर चालतो याचं कोष्टकच दिलंय.

ऑब्जेक्ट कायमचंच गेलं असेल तर मात्र ईआयओ द्या, नाहीतर क्लायंट विचारतच बसेल. आणि स्टेल, म्हणजे ‘हे हँडल आता चालत नाही’ असा एरर, तर असल्या अडचणीत अजिबात नको. फाइल शाबूत असताना क्लायंट हँडल, म्हणजे सर्व्हरने दिलेली फाइलची ओळख, टाकून देतो.

कमिटकडे, म्हणजे डेटा पक्का साठवायला सांगणाऱ्या विनंतीकडे, जास्त लक्ष द्या. अनस्टेबल राइट (लगेच पक्का साठवायची सक्ती नसलेला) मेमरीत घेऊन ‘झालं’ म्हणालात आणि प्रोसेस रीस्टार्ट झाली, तर राइट व्हेरिफायर, म्हणजे सर्व्हर उत्तरासोबत पाठवतो ती ८ बाइटची खूण, बदललाच पाहिजे. तो बदललेला दिसला की क्लायंट कमिट न झालेला डेटा पुन्हा पाठवतो. जुनाच व्हेरिफायर दिलात तर कुठेही एरर न दिसता डेटा जातो. त्यामुळे तो हार्डकोड केलेला (कोडमध्ये कायमचा ठरवून टाकलेला) नाही ना, हे आजच तपासा.