आपल्याकडे ज्युरी असती तर लोक गेले असते का?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेत ज्युरी ड्युटीचं, म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्याचं, पत्र आलं की लोक कुरकुरतात, पण जातात. आपल्याकडे ज्युरीच नाही. असती तर कोणी गेलं असतं का, की आपल्याला नागरिक म्हणून कसलीच जबाबदारी नको असते?

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीतर्फे. कोर्टाच्या कामाला लोक का येत नाहीत हे रोज डोळ्यांसमोर असतं. म्हणूनच 'आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही' हे वाक्य मला पटत नाही. पहिल्यांदा बोलावलं तर माणूस बहुधा येतो. दुसऱ्यांदा येत नाही. मधल्या काळात त्याच्या वाट्याला काय आलं, ते बघायला हवं.

आधी अमेरिकेचं बघू. मतदार यादी आणि ड्रायव्हिंग लायसन्सची यादी यांतून तिथे नावं निघतात. त्यामुळे नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींनाही कधीकधी ते पत्र येतं. 'मी नागरिक नाही' या चौकटीत खूण करून त्यांनी ते परत पाठवायचं, विषय संपला. ज्यांना जावं लागतं त्यांच्यातलेही कितीतरी जण खटल्यावर बसतच नाहीत. दिवसभर हॉलमध्ये थांबायचं, नाव पुकारलं तर दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि नाकारलं गेलं की घरी जायचं. बहुसंख्य फौजदारी खटले तर ज्युरीपर्यंत पोचण्याआधीच गुन्हा कबूल करून घेण्याच्या तडजोडीत मिटतात.

तरीही व्यवस्था चालते, कारण येणाऱ्याच्या वेळेचा थोडा तरी विचार तिथे झालेला आहे. अनेक ठिकाणी 'एक दिवस किंवा एक खटला' असा नियम आहे: त्या दिवशी निवड झाली नाही तर तुम्ही मोकळे. संघराज्याच्या न्यायालयात ज्युरीवर बसल्याबद्दल मालकाने नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. पैशाच्या बाबतीत मात्र त्यांचीही बोंबच आहे. संघराज्याच्या न्यायालयात दिवसाला ५० डॉलर मिळतात. कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्यातला दर दुसऱ्या दिवसापासून १५ डॉलर, पहिल्या दिवसाचं काहीच नाही. मग ताशी पगारावर जगणारा माणूस कारण शोधणारच. सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ मध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांना दिवसाला १०० डॉलर देण्याचा प्रयोग सुरू केला. लोकांना कर्तव्यावर भाषण देण्याऐवजी त्यांचा बुडणारा रोज भरून द्यावा, हे तिथे कोणाला तरी सुचलं. मला हे आवडलं.

आता आपल्याकडची ज्युरी. ती होती, आणि आपल्या लोकांनी ती पाहिलीही होती, पण कशी? १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. जिच्यात आपली माणसं इतकी कमी, त्या ज्युरीबद्दल कोणाला आपलेपणा कसा वाटणार? जिल्ह्यांच्या ठिकाणी तर ती सरकारने ठरवलेल्या मोजक्या जिल्ह्यांतच होती. जबाबदारीची सवय लागायला ती आधी मिळावी लागते.

नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यामुळे ज्युरी बंद झाली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे अर्धवट आहे. १९५९ मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष' कौल दिला, सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि शेवटी १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली, हे सगळं खरं. पण विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालातच ज्युरी बंद करा असं सुचवलं होतं, आणि काही राज्यांनी ती त्याआधीच गुंडाळली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती राहिलीच नाही. (पारशी विवाह कायद्यात मात्र तिचा अवशेष अजून आहे: घटस्फोटाच्या दाव्यात समाजातले पाच प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसतात.)

पण निकाल देण्याचं काम गेलं तरी सामान्य नागरिकाने तपासावर नजर ठेवण्याचं काम गेलेलं नाही. ते काम पंचांचं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

झडती घेण्याआधी पोलिसांनी त्या वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी साक्षीदार म्हणून बोलवावेत, असं कायदा म्हणतो. तेच पंच. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे. लेखी आदेश दिल्यावर योग्य कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हाही आहे. तो नोंदवलेला मी तरी पाहिलेला नाही. पोलिसांनाही ते कटकटीचंच वाटत असावं.

पंच कशासाठी? पोलिसांनी खिशातून पुडी काढली की खिशात घातली, हे सांगायला पोलिसांच्या बाहेरचं कोणीतरी हवं म्हणून. ज्युरी खटल्याच्या शेवटी बसते, पंच सुरुवातीला उभा राहतो, पण कामाचा गाभा एकच: सरकार एका माणसाविरुद्ध उभं असताना तिसऱ्याने डोळे उघडे ठेवायचे. आरोपीचा वकील म्हणून सांगतो, प्रामाणिक पंच माझ्या अशिलाचं जितकं भलं करतो तितकंच फिर्यादीचंही करतो.

आणि त्याला वागवलं कसं जातं? संध्याकाळी चहाच्या टपरीवरून कोणाला तरी 'चला दहा मिनिटं' म्हणून नेतात. दहा मिनिटांचे चार तास होतात. पंचनामा हवालदार लिहितो, किंवा हल्ली पोलिस ठाण्यात टाईप होऊन येतो. पंच थकलेला असतो, दाखवतील तिथे सह्या करतो, मुद्देमालाच्या लेबलवरही सही करतो आणि घरी जातो. मग काही वर्षं शांतता. एक दिवस समन्स येतं. तो रजा टाकून कोर्टात येतो, बाहेरच्या बाकावर बसतो, आणि साडेचार वाजता कळतं की आज साक्ष होणार नाही: आरोपीला जेलमधून आणलेलं नाही, किंवा वकील साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत (हो, आम्ही वकीलही यात आहोत), किंवा बोर्डच, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादीच, मोठा आहे. पुढची तारीख. दोन-तीन तारखांनंतर तो येईनासा होतो आणि जामीनपात्र वॉरंट घेऊन पोलिस दारात येतात. शेजारीपाजारी बघतात. गुन्हा दुसऱ्याने केलेला, वॉरंट याच्या नावावर.

शेवटी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तो जे वाक्य बोलतो ते फौजदारी कोर्टातल्या प्रत्येकाला पाठ आहे: 'सही माझीच आहे, पण त्यात काय लिहिलंय ते मला माहीत नाही.' सरकारी वकील त्याला फितूर घोषित करून घेतात. दरवेळी आरोपीने पैसे चारलेले असतात असं समजू नका. कधी भीती असते, कारण आरोपी त्याच गल्लीत राहतो. पण पुष्कळदा वाचून न दाखवलेल्या कागदाबद्दल तो शब्दशः खरं बोलत असतो.

चांगली माणसं अशी गळाली की उरतात ते ठरलेले पंच. पोलिस ठाण्याच्या आसपास वावरणारे, एका फोनवर हजर होणारे. उलटतपासणीत आमचा पहिला प्रश्न तोच असतो: याआधी किती गुन्ह्यांत पंच होतात? महाराष्ट्र सरकारने गेल्या दशकात गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घ्यायचं धोरण आणलं. ते फितूर होत नाहीत, हा त्याचा फायदा. पण सरकारच्या कामावर सरकारच्याच नोकराने नजर ठेवायची, तर मूळ कल्पनेतलं बरंच काही निसटतं, असं मला वाटतं. नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केलंय, शक्यतो मोबाईलवर. याचा उपयोग होईल. पण कॅमेरा कुठे वळवायचा हे पोलिसच ठरवतात, त्यामुळे पंच लागणारच.

लोकांची वृत्ती बदलत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी रस्ते अपघातांचं उदाहरण देतो. जखमीभोवती गर्दी जमते, हात कोणी लावत नाही, ही आपली जुनी लाज. कारण सगळ्यांना ठाऊक होतं: दवाखान्यात नेलं की पोलिस नाव लिहून घेणार, मग जबाब, मग कोर्ट. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. आता मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हेही तोच ठरवतो. माणुसकी कमी पडत होती असं गृहीत न धरता तिच्या वाटेतली भीती काढण्याचा हा प्रयत्न आहे. नियम अजून सगळ्यांपर्यंत पोचलेला नाही, ही वेगळी तक्रार.

दुसरं उदाहरण इलेक्शन ड्युटीचं. शिक्षक आणि सरकारी कर्मचारी तिच्या नावाने बोटं मोडतात, वैद्यकीय दाखले जोडतात, ओळखी काढतात. तरी मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्याच्या पेट्या घेऊन बसमध्ये बसतात आणि काम चोख करतात. यात धाक आहेच, तो नाकारत नाही. पण आदेश आधी मिळतो, प्रशिक्षण होतं, भत्ता मिळतो आणि काम ठरलेल्या दिवशी संपतं. पंचाला यातलं काय मिळतं?

म्हणून ज्युरी असती तर लोक गेले असते का, याचं माझं उत्तर: पहिल्या वर्षी उत्साहाने गेले असते. पुढचं कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर ठरलं असतं. ज्युरी परत आणा म्हणणारे अधूनमधून भेटतात. मी त्यांच्यात नाही. दोन पंचांना ठरलेल्या दिवशी साक्ष देऊन घरी पाठवणं जमत नाही, तिथे बारा जणांना सलग आठवडाभर बसवणं कसं जमणार?

उद्या तुम्हालाच बोलावणं आलं तर? जा, असंच मी म्हणेन, पण डोळे उघडे ठेवून. आरोपी किंवा फिर्यादी नात्यातले असतील, किंवा तब्येतीची अडचण असेल, तर तिथेच स्पष्ट सांगा. योग्य कारण असेल तर नकार हा गुन्हा नाही. गेलात तर कोऱ्या कागदावर सही करू नका. पंचनामा स्वतः वाचा, किंवा मोठ्याने वाचून घ्या. सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ बघा. घरून निघालेली वेळ आणि कागदावरची वेळ जुळत नसेल तर सही करण्याआधी दुरुस्त करायला लावा. पाकीट तुमच्या समोर बंद झालं का, सील तुमच्या समोर लागलं का, हे पाहा, कारण कोर्टात नेमकं तेच विचारलं जातं. घरी आल्यावर तारीख, ठिकाण आणि काय पाहिलं, ते चार ओळींत लिहून ठेवा.

समन्स येईपर्यंत कोर्टात जायची गरज नाही. आलं की टाळू नका, वॉरंटची नामुष्की फुकट पदरात पडते. साक्षीआधी सरकारी वकिलांकडून तुमचा पंचनामा मागून वाचा. त्यात गैर काही नाही, साक्षीदाराला आठवण ताजी करायला कायदा परवानगी देतो. आठवत नसेल ते 'आठवत नाही' म्हणा. आमच्यासारख्या वकिलांनी आवाज चढवला तर न्यायाधीशांकडे बघून उत्तर द्या. आणि साक्षीदाराचा भत्ता मागा. रक्कम थोडी असते, बहुतेकांना तो मिळतो हेच माहीत नसतं, आणि न मागता कोणी आणून देत नाही. साक्ष संपली की त्याच दिवशी कोर्टातल्या कारकुनाला विचारा.